डावीकडचा ब्रेक

आदरणीय साडूभाऊ,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार. ज्या पायांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर वेळेवर ब्रेक दाबला, त्यांना वाकून नमस्कार करताना मला कधी संकोच वाटला नाही. गुडघा कसा आहे? ताईंनी आमच्या हिला सांगितलं की ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यापासून तुम्ही घरात खुर्चीवर बसूनही पाय दाबता. टीव्हीवर कोणी गाडी जोरात वळवली की तुमचा पाय फरशीवर जातो आणि मग अर्धा तास शेक घ्यावा लागतो. माझं ऐका, काही दिवस गाड्या असलेले कार्यक्रम बघू नका. बातम्या बघा, त्यात माणसं नुसती बसून भांडतात. ताईंची पाठ आता बरी असेल. आम्ही दोघं देवाच्या दयेने ठीक आहोत, आणि तिसरी, म्हणजे तुमची गाडी, तीही ठीक आहे. हे पत्र तिच्याबद्दलच आहे. फोन केला असता, पण फोनवर मी "हो, हो, बरं" याच्या पुढे कधी गेलेलो नाही, शिवाय आमच्या घरात फोनला रेंज एकाच खोलीत मिळते आणि त्या खोलीत ही असते. विषय असा आहे की गाडी चालवायचा माझा परवाना टिकतो की जातो, आणि टिकला तर त्यापायी माझ्या शेजारची सीट रिकामी पडते की काय. परवाना गेला तर धंदा बसला, आणि सीट रिकामी पडली तर काय बसेल ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून लांबण लावून लिहितो आहे. चष्मा लावून, पाय वर घेऊन वाचा.

अकरा महिन्यांपूर्वी गाडीची किल्ली माझ्या हातात देताना तुम्ही म्हणाला होतात, "हिच्यावर चार हजार माणसं शिकली, तुम्ही चार हजार एकावे." तेव्हा मला तो आशीर्वाद वाटला होता. आता वाटतं, ती सूचना असावी. चार हजार माणसांनी ज्याच्याशी झटापट केली तो गिअर आता कोणाचंच ऐकत नाही. तिसरा टाकायचा तर आधी पहिल्याला विचारावं लागतं आणि चौथ्याला कळवावं लागतं. टपावरची तुमच्या स्कूलची पाटी काढली, पण तिची चार भोकं राहिली. ती मी मेणाने बुजवली. (पावसात उत्तम चालतं. उन्हाळ्यात मात्र मेण बरोबर माझ्या टकलावर ठिबकतं. लोक मेणबत्ती लावतात, मी बसल्या जागी मेणबत्ती होतो.) गाडीच्या पाठीवर तुम्ही "शिकाऊ चालक, अंतर ठेवा" असं रंगवून घेतलं होतं, त्यावर मी तीन हात रंग मारला. पण तुमचा रंगारी पक्क्या कामाचा माणूस असावा. ऊन तिरकं पडलं की अक्षरं खालून वर येतात. त्यामुळे सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी चार ते सहा मी शिकाऊ असतो, मधल्या वेळात अनुभवी.

त्यातही "अंतर ठेवा" ही अक्षरं इतकी पुसट दिसतात की ती वाचण्यासाठी लोक गाडी अगदी जवळ आणतात. आणि एकदा वाचली की प्रत्येकाच्या अंगात मास्तर शिरतो. आमच्या गावच्या शाळेत चार इयत्तांना मिळून एक गुरुजी होते. इथे एका विद्यार्थ्याला अख्खं शहर आहे. "काका, दुसरा टाका, दुसरा." "अहो, क्लच सोडा, पायाला चिकटलाय का?" "हे काय शिकायचं वय आहे का?" एका ट्रकवाल्याने तर सिग्नलला खाली वाकून मला अर्धा क्लच धरून चढावर गाडी कशी रोखायची ते पूर्ण समजावलं, आणि सिग्नल सुटल्यावर मी ते करून दाखवेपर्यंत थांबला. (त्याच्या मागचे लोक त्याला जे म्हणत होते ते लिहीत नाही. त्याची पद्धत बरोबर होती, मी अजून तीच वापरतो.) बाकीचे मात्र शिकवायला थांबत नाहीत. उजवीकडून येतात, डावीकडून येतात, फुटपाथवरून येतात. एक मोटारसायकलवाला परवा माझ्या आरशातून आला असं मला वाटलं, कारण नंतर आरसा नव्हता. या लोकांना एवढ्या घाईने कुठे जायचं असतं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पुढच्या सिग्नलला ते माझ्या शेजारीच उभे असतात. तिथे त्यांच्याकडे बघून मी हसतो. तेही एक चुकतंच म्हणा, त्यांना वाटतं मी चिडवतो आहे.

आता आमच्या हिचं. माझा धंदा तराजू दुरुस्त करून तपासून देण्याचा. सोनार, औषधांची दुकानं, एक धान्याची वखार, दोन प्रयोगशाळा. तपासायला लागणारी माझी पितळी वजनं मखमल लावलेल्या लाकडी पेटीत असतात. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटाच्या घामालाही वजन असतं. आणि त्यांना धक्का बसू द्यायचा नाही. सीटवर ठेवावी तर सीट हादरते, डिकीत ठेवावी तर डिकी खणखणते. शेवटी पेटी हलणार नाही अशी एकच जागा मला जगात सापडली, ती म्हणजे हिची मांडी. त्यामुळे मी जिथे कामाला जाईन तिथे ही पेटी घेऊन शेजारी असते. पण तुमची गाडी येण्यापूर्वी तेवीस वर्षं, गाडी भाड्याची असो की कोणाची, ही डोळे गच्च मिटून बसायची. मी विचारायचो, "झोप आली का?" ती म्हणायची, "नाही. पोचलो की सांगा." तुमच्या गाडीत पहिल्या दिवशी बसली तर हिच्या पायाखाली पेडल. "हे काय?" "ब्रेक." "खरा?" "खरा. शिकवणाऱ्याचा." "म्हणजे मी दाबला तर गाडी थांबेल?" मी म्हणालो, थांबेल. हिने तिथेच, उभ्या गाडीत, एकदा दाबून पाहिला आणि डोळे उघडले.

साडूभाऊ, ते डोळे त्यानंतर मिटलेले नाहीत. आता ही डावीकडच्या सगळ्या पाट्या वाचते. कोणाच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची पद्धत चुकीची आहे ते सांगते. एका वळणावर एक शिंपी खिडकीत बसलेला असतो, तो कोणत्या दिवशी हसतो आणि कोणत्या दिवशी नाही याचा हिने पक्का अंदाज बांधला आहे. आणि बोलते. घरात आम्ही बोलतो ते डबा, किल्ली, औषध एवढंच. गाडीत ही मला तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागली, ज्या मी तेवीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. (ताई लहानपणी झाडावर चढून उतरायच्या नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं का? नसेल तर मी सांगितलं म्हणू नका.)

हे सगळं त्या एका पेडलचं देणं आहे असं मी मानतो. तुम्हीच दाखवलं होतंत की तळाला एक लोखंडी दांडा आहे आणि तो दोन्ही ब्रेक जोडतो. एक दाबला की दुसराही खाली जातो. तर व्हायचं असं की पुढे एखादा रिक्षावाला अचानक थांबला की मी "आता ब्रेक दाबावा" असं म्हणेपर्यंत पेडल खाली गेलेलं असायचं. ही म्हणायची, "थांबलो ना वेळेवर." मी म्हणायचो, "थांबलो." कोणी थांबवलं हे विचारायचा प्रश्नच नव्हता. मी मनात ठरवून टाकलं की देवाने ही कामाची वाटणी केली आहे, वळवणं माझ्याकडे आणि थांबवणं हिच्याकडे. संसारातही साधारण असंच आहे, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही.

हॉर्नची गोष्ट मात्र तुमच्यावर जाते. शिकाऊ मुलं उगाच वाजवतात म्हणून तुम्ही तो स्टिअरिंगवरून काढून डावीकडे डॅशबोर्डखाली नेऊन ठेवलात. परिणाम असा की हॉर्न हिचा आणि शिव्या माझ्या. मागच्या महिन्यात एका भल्या मोठ्या पांढऱ्या गाडीने आम्हाला तीन वेळा कट मारला. (ती गाडी रस्त्यावर नसते, रस्ता तिच्याखाली असतो.) चौथ्या वेळी हिने हॉर्न असा दाबला की फुटपाथवरच्या माणसांनी वाट दिली. सिग्नलला तो गृहस्थ उतरून माझ्या खिडकीशी आला. मान जाड, आवाज त्याहून. "कोणाला हॉर्न मारतो रे?" मी नम्रपणे सांगितलं की माझ्याकडे हॉर्न नाही. त्याला ते उर्मट वाटलं. मी म्हणालो, खोटं वाटत असेल तर दाबून बघा. त्याने आत हात घालून माझ्या स्टिअरिंगच्या मध्यावर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तो जरा गोंधळला, मला वाटतं थोडी कीवही आली असावी. तेवढ्यात, त्याचं डोकं पूर्ण आत असताना, हिने डावीकडून वाजवला. तो सरळ झाला तेव्हा आमच्या दाराची चौकट त्याच्या वाटेत होती. मग तो डोकं चोळत निघून गेला. ही म्हणाली, "मी काही बोलले का?"

आणि गोल चौकाचंही सांगून टाकतो, नाहीतर कोणा दुसऱ्याकडून वेगळं ऐकाल. आमचे गुरुजी शिकवायचे की दुसऱ्याला आधी जाऊ दिल्याने आपण लहान होत नाही. त्या शिकवणुकीवर मी इथल्या गोल चौकात पोचलो. समोरून एक येत होता, त्याला जाऊ दिलं. त्याच्या मागे दुसरा होता, तो पहिल्यापेक्षा घाईत दिसला. असं करता करता मिनिटं गेली. मागे हॉर्नचा नुसता गजर. शेवटी वाहतुकीचा पोलीस चालत आला आणि विचारलं, "बंद पडली का?" मी म्हणालो, "नाही, वाट देतोय." "कोणाला?" "सगळ्यांना." मग त्याने हात आडवा करून चारही बाजू थांबवल्या आणि मला एकट्याला चौक ओलांडून दिला. ही म्हणाली, लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा मान मिळाला नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण पुढच्या महिन्यात मला पन्नास पूर्ण होतात आणि आमच्याकडे नियम असा की पन्नाशीला परवाना नवा करायचा तर रस्त्यावर पुन्हा परीक्षा. नापास झालात तर सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सहा महिने तराजू न तपासता राहिले तर लोक दुसरा माणूस बघतील आणि ते बरोबरच करतील. परीक्षेआधी गाडी दाखवून घ्यावी म्हणून गेलो तर आमचा नेहमीचा गॅरेजवाला बाहेरगावी. मग एका नव्या गॅरेजात नेली. तो मिस्त्री खाली वाकला, एक पेडल बघितलं, दुसरं बघितलं, पुन्हा पहिलं बघितलं आणि मला म्हणाला, "काका, ही गाडी चालवतं कोण?" मी म्हणालो, मी. तो म्हणाला, "मग हे बघा." माझ्या ब्रेकच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत, वरच्या रेघा जशाच्या तशा. आणि हिच्या बाजूचं रबर झिजून खालचं लोखंड चमकत होतं.

साडूभाऊ, मी स्वतः वाकून दोन्ही रबरं बोटाने चाचपून पाहिली. म्हणजे अकरा महिने मी ब्रेक दाबलेलाच नव्हता. नुसता वळवत फिरत होतो. आणि परीक्षेला हिच्या जागी परीक्षक बसणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच "देवदर्शनाला जाऊन येतो" असं सांगून एकटाच गाडी घेऊन निघालो. (अगदीच खोटं नको म्हणून वाटेत खरोखर थांबून हात जोडले.) बाजाराच्या मागे मोकळं मैदान आहे तिथे सराव करायचा होता. पलीकडे भाजीचे रिकामे क्रेट रचलेले होते, ते समोर धरले आणि स्वतःला सांगितलं की आता तिथवर जायचं आणि थांबायचं. गेलो. पायाला म्हणालो, चल. पाय म्हणाला, कुठला? मी म्हणालो, उजवा. तोवर क्रेट आले. प्लॅस्टिकचे होते, कोणाला काही झालं नाही, एक बॉनेटवर बसून घरापर्यंत आला. हिने दारात विचारलं, "देवाने दिला?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दर्शनाला गेलो. सहा दिवसांत माझी भक्ती इतकी वाढली की शेजारी विचारायला लागले, घरी सगळं ठीक आहे ना.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणजे एक काटकुळा, मितभाषी माणूस, खिशाला चार पेनं. बसताच त्याने पायाखालचं पेडल पाहिलं आणि म्हणाला, "हे बरं आहे. पण मी याला पाय लावला तर तुम्ही नापास." मग तो "डावीकडे", "उजवीकडे" आणि "हं" एवढंच बोलला. मी मनात नाम घेत होतो आणि ब्रेक दाबत होतो. वर्तमानपत्राचं पान उडत आलं, त्याला थांबलो. कबुतराला थांबलो. फुटपाथवर एक गृहस्थ नुसते उभे होते, त्यांना थांबलो. ते दोन्हीकडे बघून ओशाळले आणि माझा मान राखायला म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे गेले. परीक्षकाने काहीतरी लिहिलं. मागून लोक जे म्हणत होते ते त्यालाही ऐकू येत होतं. एकदा तो हळूच म्हणाला, "रोज असंच असतं?" मी म्हणालो, "आज कमी आहे."

आणि दुकानांच्या रस्त्यावर ते झालं. एक मिनीबस तिसऱ्या ओळीतून, ना दिवा ना हात, एका प्रवाशासाठी सरळ माझ्या नाकासमोर डावीकडे घुसली. काय झालं मला कळलं नाही. गाडी उभी होती आणि मिनीबस एक वीत पुढे होती. मागे हॉर्नचा कल्लोळ. परीक्षक खाली स्वतःच्या पायाकडे बघत होता. त्याचा पाय ब्रेकवर होता. मी माझ्या पायाकडे बघितलं. माझाही होता.

"कोणी दाबला?" त्याने विचारलं. आता इथे मला "मी" म्हणता आलं असतं. पण वजनकाट्याच्या धंद्यात पंचवीस वर्षं गेली, जीभ वळली नाही. मी म्हणालो, "साहेब, माझा पाय पोचला तेव्हा पेडल आधीच खाली होतं." तो एका पेनाचं टोपण काढत-घालत बसला. त्याचीही जात माझीच असावी, खोटं न बोलता येण्याची. शेवटी म्हणाला, "माझा पोचला तेव्हाही आधीच खाली होतं." आम्ही दोघांनी एकदमच मागच्या सीटकडे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचून तो म्हणाला, "फॉर्मवर असा रकाना नाही."

त्या दिवसापासून यावर मी फार विचार करत नाही. रोज सकाळी थोडाच करतो. दांडा एक, पाय दोन, आणि दोन्ही पायांना वाटलं की आपण नंतर आलो. मी काही म्हणत नाही. पण हात जोडताना हल्ली मी पायही जवळ घेतो.

तर त्याने मला पास केलं. पण खाली शेरा मारला: खासगी गाडीत दुसरी नियंत्रणं चालत नाहीत, डावीकडचा ब्रेक पंधरा दिवसांत बंद करून गाडी दाखवून न्यावी, नाहीतर परवाना रद्द. ही ऑफिसच्या फाटकाशी दीड तास पेटी हातात धरून उभी होती, कारण तिथला बाक डुगडुगत होता. "झालं?" "झालं." "काही म्हणाले?" मी म्हणालो, "ठीक आहे म्हणाले." मग ही गाडीत बसली, पेटी मांडीवर, पाय ब्रेकवर, आणि शिंपी आज हसत होता ते सांगायला लागली. तो शेऱ्याचा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. घरी आल्यावर उशीखाली ठेवला, मग पंचांगात, मग सध्या वजनांच्या पेटीत मखमलीखाली आहे, म्हणजे तिथे कोणी बघत नाही. रोज ही तो कागद मांडीवर घेऊन फिरते आणि तिला पत्ता नाही. आज चौथा दिवस.

बाकी सर्व क्षेम. ताईंना माझा नमस्कार सांगा, गुडघ्याला रात्री उशी घ्या, आणि देव तुमच्या पायांना माझ्या वाट्याचीही ताकद देवो. चूकभूल पोटात घाला.

आपला,
धाकटा साडू

ता. क. गाडीचं मागचं डावं दार आतून उघडत नाही, हे मुळापासून असंच आहे की नंतरचं? घाई नाही, सहज विचारलं.

ता. क. २. सहज विचारलं नव्हतं, खरं मागणं पुढे आहे. येत्या रविवारी दुपारी तुम्ही या. हिला मी कसंही करून तिच्या मैत्रिणीकडे पाठवतो. खाली मी झोपेन, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, गुडघा वाकवू नका. दांडा आपण काढू. पण डावीकडचं पेडल काढायचं नाही. कागदावर "बंद करावा" असं लिहिलं आहे, "काढावा" असं नाही, मी चार वेळा वाचलं. पेडलखाली एक स्प्रिंग बसवा, म्हणजे दाबल्यावर दाबल्यासारखं वाटेल. गॅरेजात हे काम देता येत नाही, नेहमीचा गॅरेजवाला हिला सगळं सांगतो. मला ठाऊक आहे हे काय आहे ते. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडत आलो आणि आता स्वतःच्या गाडीत खोटा ब्रेक बसवायला निघालो. देवाला विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणजे नकारही आला नाही. ब्रेक मी नीट दाबीन, सरावाला रोज जातो आहे. पण तिने पुन्हा डोळे मिटून "पोचलो की सांगा" म्हटलेलं मला सहन होणार नाही. तेवढं करा.

ता. क. ३. भाऊजी, नमस्कार. अक्षर वेगळं आहे, ओळखलंच असेल. आमच्या घरात पाकिटं चिकटवायचं आणि पोस्टात टाकायचं काम माझं आहे, हे लिहिताना ह्यांना आठवत नाही. मखमलीखाली कागद ठेवला की वीस ग्रॅमचं वजन खाचेत नीट बसत नाही, त्यावरून तो मला त्याच दिवशी सापडला. रबराचं मी सांगते. चार महिन्यांपूर्वी नेहमीच्या गॅरेजात हे चहा पीत होते तेव्हा तिथल्या माणसाने मला दाखवलं, ह्यांच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. मी तिथल्या तिथे नवं बसवून घेतलं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ह्यांनी आठवडाभर ब्रेकचाच विचार केला असता, आणि विचार करायला लागले की ह्यांच्या हातून साधा नळ बंद होत नाही, क्रेटचं वाचलंतच. माझ्या बाजूचं रबर झिजलं ते दाबून नाही, मला बसल्या बसल्या टाच घासायची खोड आहे, ताईला विचारा. पहिल्या दिवशी उभ्या गाडीत दाबून पाहिला तो सोडला तर अकरा महिन्यांत मी ब्रेक दोनदा दाबला, एकदा पडद्याचं कापड बघायला आणि एकदा चुकून. बाकी सगळे ह्यांचे. हॉर्न सगळे माझे. परीक्षेतलाही ह्यांचाच असणार, पण देवाने दाबला असं वाटत असेल तर मी मध्ये पडत नाही.

दांडा खुशाल काढा. स्प्रिंग जरा घट्टच लावा, म्हणजे न कळल्यासारखं करायला मला सोपं जाईल. मला माहीत आहे हे ह्यांना सांगू नका, फार कष्टाने लपवलंय त्यांनी. माझ्या डोळ्यांचं लिहिलंय ते खरं आहे. ते बघत असतात हे मला माहीत नव्हतं. गाडी चालवताना बघत असतील तर तेवढं मात्र तुम्ही शिकवणारे म्हणून सांगा, समोर बघावं.

रविवारी मी मैत्रिणीकडे जाणार नव्हते, आता जाईन. काम दोन तासांत उरका. तिसऱ्या तासाला आम्हा दोघींकडे बोलायला काही उरत नाही.